माय, तू बोललीस ती गांडुळांसाठी

प्रिय माय,

आज लिनने बेल वाजवली, म्हणून लिहायला बसले. शेजारच्या फ्लॅटमधली चिनी बाई गं, तुला बघून दारातून हात हलवायची ती. सुट्टीवर चीनला गेली होती, कालच परतली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. दारातच मोडक्या हिंदीत विचारलं, "मम्मी बोली क्या?"

मी हो म्हणाले. खोटं नव्हतं ना ते?

आठवतं का तुला? इथे आखातात, हिद्दला माझ्याकडे राहायला आलीस आणि अर्धांगवायूने तुझी उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तू उठून चालावंस असा माझा हट्ट नव्हता. एकदा 'सुजा' म्हणून हाक मारावीस, एवढंच हवं होतं. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, हाक काही येईना.

तेव्हा लिनने तो पुडा आणून दिला. तिच्या वडिलांना असाच झटका आला होता, तिकडच्या वैद्याने हे उकळून पाजलं आणि ते बोलायला लागले, असं तिचं म्हणणं. त्यांच्याकडे याला जमिनीतला ड्रॅगन म्हणतात म्हणे. आत तपकिरी, चिरून वाळवलेल्या पट्ट्या. मला वाटलं, आपली वाळवलेली गवारच. फोनवर शोधलं तेव्हा कळलं, गांडुळं!

आणि ती कुणाला पाजायची, तर तुला! बचत गटाच्या खतशेडमध्ये तू त्यांना आमच्यापेक्षा लाडाने वाढवलंस. सकाळी चहाआधी झारी घेऊन निघायचीस, वाफ्यांवर अंथरलेली पोती ओली करायचीस. वाफ्याबाहेर आलेलं गांडूळ बोटाने उचलून परत आत सोडायचीस. उन्हात एखादं वाळलेलं दिसलं तर दिवसभर तुझं तोंड उतरलेलं. मी चिडवायचे, माय, ही तुझी धाकटी लेकरं का? तू नुसती हसायचीस.

डॉक्टरांना विचारलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, वरून हे अजिबात देऊ नका, म्हणाले. तरी माझा जीव राहीना. पुडा परत करायलाही हात धजेना. तुझ्या खाटेशी बसून मी तो उघडला, निदान वास तरी बघू म्हणून.

तू मान वळवलीस. आत काय आहे ते मी सांगितलंच नव्हतं. तुला का सांगावं लागणार होतं? तुझा डावा हात पुड्यावर आला. ओठ थरथरले आणि घशातून आवाज फुटला.

"पाणी."

मी पेला पुढे केला. तू तो त्या पट्ट्यांवर ओतलास. सगळी चादर भिजली. मग ओल्या बोटाने एकेक पट्टी हलवून बघत राहिलीस. "आजी, दे आर डेड," माझी रिया हळूच म्हणाली. तू तिच्याकडे बघितलंही नाहीस.

माय, मी तुझ्या उशाशी होते गं! इतके दिवस कानात प्राण आणून बसले होते. तुला एकच शब्द सापडला आणि तो तू त्यांना दिलास. माझं नाव का नाही घेतलंस? मला राग आला होता. अजून येतो, आणि मग रडू येतं.

त्यानंतर तू बोलली नाहीस. दुसऱ्या झटक्यात गेलीसच. ऑफिसमधली आपली माणसं जमली, इथेच हॉलमध्ये तुझा जलदान विधी झाला. त्रिशरण म्हणताना समोर तुझा फोटो आणि पाण्याचा पेला होता, आणि मला ती भिजलेली चादरच दिसत होती.

तुझ्या अस्थी माझ्या कपाटात आहेत. पुढच्या आठवड्यात लीव्ह मिळतेय, तुला गावी घेऊन जाते. तू इकडे आल्यापासून शेडकडे कुणी फिरकलं नाही, पोती कडक वाळलीत, असं शांताकाकूने फोनवर सांगितलं.

माय, शब्द देते. घराचं कुलूप काढायच्या आधी झारी भरीन. पोती ओली करीन, हाताने वाफा उकरून बघीन, खाली ओलीत एखादं तरी तगलं असेल. नसलं तरी पाणी घालीन. तू घातलंस तसंच.

जिची हाक राहिली, ती तुझी,
सुजा