पोत्कुरीमुळे अपंग ठरलेली आजी

प्रति,
मा. पुनर्वसन मंजुरी अधिकारी,
आरोग्य विमा विभागीय कार्यालय,
दक्षिण मिशिगन.

विषय: श्रीमती हेल्मी कांगस (वय ८१) यांच्या चालण्याविषयीचा चुकीचा अंदाज रद्द करून व्यायामोपचार केंद्रातील प्रवेश मंजूर करणेबाबत.
संदर्भ: आपले नामंजुरीचे पत्र, दि. २ फेब्रुवारी.

महोदय,

१. वरील रुग्ण माझी आजी असून मी संख्याशास्त्राची पदवीधर आहे. आपले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा नात म्हणून, दुसऱ्यांदा करमणूक म्हणून.

२. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर म्हातारे माणूस पुन्हा चालेल का, हे बऱ्याच अंशी ते पडण्यापूर्वी कसे चालत होते यावरून सांगता येते. आपल्या अंदाज काढण्याच्या सूत्राला हे ठाऊक आहे. आपले निरीक्षक श्री. डेंटन यांना मात्र प्रश्न विचारण्याचेच प्रशिक्षण मिळालेले दिसते, उत्तर ऐकण्याचे नाही. रुग्णालयात त्यांनी विचारले, "आजी, घराबाहेर आधाराशिवाय जायचात का?" ती म्हणाली, "हिवाळ्यात पोत्कुरीशिवाय कोण जातं रे बाबा? तू जातोस?" त्यांनी नोंदवले: बाहेर पूर्णपणे साधनावर अवलंबून. चालण्याची शक्यता अत्यल्प.

३. पोत्कुरी म्हणजे दोन लांब पोलादी पट्ट्यांवर बसवलेली, बर्फावरून घसरत जाणारी खुर्ची. मागे उभे राहून, एका पायावर सारा भार घेऊन, दुसऱ्याने बर्फ रेटायचा. आमच्या फिनिश वस्तीत पाद्रीबुवाही तीच वापरतात. आपल्या निकषाने तेही अपंगच. आजी खुर्चीत शेजारच्या सायमीबाईंना बसवून चर्चच्या कॉफीला नेत असे. सायमीबाई तिच्याहून लहान आणि दुप्पट जड. ती पडली तीही पोत्कुरीवरून नव्हे, चर्चच्या स्वयंपाकघरात किटली काढताना स्टुलावरून.

४. आपल्या नकारामुळे ती शुश्रूषागृहात खाटेवर पडून आहे. मांड्या सुकत चालल्या आहेत. असेच पडून राहू दिलेत तर ती खरोखरच चालणार नाही, आणि आपले सूत्र अचूक ठरल्याची नोंद होईल. शास्त्रात याला अंदाज म्हणत नाहीत.

५. सबब, ती नोंद दुरुस्त करून याच आठवड्यात प्रवेश मंजूर करावा. शंका उरल्यास आपण स्वतः येऊन पोत्कुरीवर एका पायाने उभे राहून पाहावे. पडलात, तर आपण पुन्हा चालाल का, हे मी आपल्याच सूत्राने काढून देईन. साधन वापरल्याची नोंद तोवर आपल्याही नावावर झालेली असेल.

नियमापुरती नम्र,
तारू कांगस
दि. ९ फेब्रुवारी

सोबत:
१. शल्यचिकित्सकांची शिफारस.
२. पोत्कुरीचे छायाचित्र. उभी आहे ती आजी.