उद्याच्या फोनआधी

मामा,

मी पत्रकारितेला जाणार म्हटल्यावर घरात सगळ्यांनी नाकं मुरडली होती. तुम्ही एकटेच म्हणालात, "जाऊ दे तिला. लहानपणापासून प्रश्न विचारून माझं डोकं खाल्लंय, आता दुसऱ्यांचं खाऊ दे."

गेल्या आठवड्यात आमच्या विद्यापीठाच्या वाचनालयात, नव्या दालनात, छताचा गिलावा कोसळला. खाली वाचत बसलेल्या मुलीचा खांदा मोडला. आमच्या विभागाच्या साप्ताहिकासाठी ती बातमी माझ्याकडे आली. मग बांधकामाचा ठेकेदार कोण, ते कळलं.

मी साप्ताहिक बघणाऱ्या आमच्या बाईंना सरळ सांगितलं, "ते माझे सख्खे मामा आहेत."

"मग ही बातमी तुझी नाही," त्या म्हणाल्या आणि ती माझ्या मैत्रिणीला दिली. बरोबरच केलं.

छापण्याआधी समोरच्याची बाजू विचारायची, हा आमचा नियम. त्यासाठी उद्या ती तुम्हाला फोन करील. आई म्हणते, "मामाच्या कानावर आधी घाल, रक्ताचं नातं आहे." पण हे पत्र पाठवलं, तर उत्तरं जुळवायला तुम्हाला रात्रभर वेळ मिळेल. खांदा मोडला त्या मुलीला कुणी आधी सावध केलं नव्हतं.

म्हणून पत्र माझ्याकडेच राहील. माया तसूभरही कमी झालेली नाही, मामा. फक्त उद्या टाळाटाळ करू नका. आवाज अनोळखी असेल. प्रश्न मात्र मीच काढलेत, तुमचं नाव कळायच्या आधी. नंतर त्यातला एकही खोडलेला नाही.

तुमचं डोकं खाणारी,
भाची