बाबांच्या खुर्चीखालचा गालिचा

आई, तुझ्या नवऱ्याबद्दल तुला सांगायचं आहे, आणि त्यासाठी आधी एका मशीनबद्दल सांगावं लागेल. तू गेलीस तेव्हा लालबागच्या आपल्या खोलीत साधा मिक्सरही नव्हता, म्हणून जरा सावकाश सांगते. आपली चाळ पाडली. तिथे टॉवर उभा राहतो आहे आणि तोवर बाबा माझ्याकडे, परळला, राहायला आले आहेत. आमच्या फरश्या गुळगुळीत. आल्याबरोबर त्यांचा पाय सरकला. हाड मोडलं नाही, पण धसका बसला. म्हणून माझ्या नवऱ्याने हॉलभर जाड लोकरी गालिचा आणून अंथरला. सासऱ्यासाठी जावई एवढं करतो म्हणून मी तेव्हा सगळ्यांना कौतुकाने सांगत होते. खिडकीजवळ बाबांची खुर्ची ठेवली आणि माणूस पुन्हा चालायला लागला. मग त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर कधीकधी बाथरूमपर्यंत पोचायच्या आतच होऊन जायचं. डोकं शाबूत, कान शाबूत, पेपर अजून पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचतात. एवढी एकच गोष्ट हातची गेली आहे.

पहिल्यांदा गालिचा ओला झाला तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "माका गावाक पाठव." गावाला कोण आहे आता? घराला कुलूप आहे, शेजारी आहेत ते आपल्यालाच बघायला कोणी नाही म्हणून रडतात. मी नाही म्हटलं. त्यावर त्यांनी वाद घातला नाही, फक्त पाणी पिणं सोडलं. चहा अर्धा ठेवायचे, पेलाभर ताक घोट घेऊन बाजूला सरकवायचे. यांनी मोठ्यांचे डायपर आणून दिले, ते पाकीट बाबांनी पलंगाखाली पायाने ढकललं. थोड्याच दिवसांत ओठ फुटले, उभं राहिलं की चक्कर यायला लागली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाणी पोटात गेलं नाही तर मूत्रपिंडं बसतील. या वयात परत उभी राहणार नाहीत." गालिचा खराब होऊ नये म्हणून माणूस मरायला बसला होता, आई. यांनी गालिचा काढून टाकायची तयारी दाखवली, पण मग बाबा फरशीवर पाऊल टाकेनात. इकडे आड, तिकडे विहीर.

तेव्हा मी दादरला गालिचा धुवायचं मशीन बघायला गेले. दुकानातला पोरगा चटपटीत. "मॅडम, हा व्हॅक्युम आहे, हा नुसती धूळ खेचणार. तुम्हाला वॉशर पाहिजे. यात दोन टाक्या. एका टाकीतून पाणी आणि शॅम्पू मारतो, ब्रश फिरतो, आणि घाण पाणी खेचून दुसऱ्या टाकीत. हलका घ्या, एका हाताने उचलता येईल असा. मोठा घेतला तर दोन वेळा वापराल आणि माळ्यावर टाकाल." सल्ला बरा होता. मग त्याने विचारलं, "डाग कसला असतो? घरात कुत्रा आहे का?" मी मान हलवली. होय म्हणून. "म्हातारा असेल तर होतं मॅडम असं, त्याला ओरडायचं नाही," असं तो मायेने म्हणाला. मी मशीन घेतलं, जिना उतरले आणि खाली फुलवाल्यांच्या गर्दीत उभी राहून रडले. बापाला कुत्रा केलं मी, दुकानदाराला लाज वाटू नये म्हणून. म्हणजे मला.

मशीन वापरणं हेही एक शिकणंच होतं. आधी जुन्या पंच्याने टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. गरम पाणी चालत नाही, डाग पक्का बसतो. शॅम्पू कोपऱ्यावर लावून रंग जातो का बघायचं. पाणी मारत एकदा पुढे जायचं आणि नुसतं खेचत चारदा मागे यायचं, तेही सावकाश, धान्य निवडावं तसं. पहिल्या वेळी मी हौसेने इतकं पाणी मारलं की गालिचा तीन दिवस वाळेना, आणि घरभर ओल्या मेंढीचा वास. सोसायटी बाल्कनीत काही वाळत घालू देत नाही, त्यामुळे टेबलफॅन जमिनीवर ठेवून त्याच्यासमोर मीच राखण करत बसले. हे सगळं जमलं, पण मशीनचा आवाज सुरू झाला की बाबा डोळे मिटून घ्यायचे. डाग जात होता, पण बाबा पाणी पीत नव्हते ते नव्हतेच.

मग एका दुपारी खुर्चीखाली ओलं दिसलं आणि माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी ठरवलं नव्हतं. हात आपोआप कलला, तांब्या तिथेच उपडा झाला आणि मी तुझ्या आवाजात म्हणाले, "हात मोडले माझे!" मी चांगली नऊ वर्षांची होईपर्यंत अंथरूण ओलं करत होते, आणि आपल्या खोलीत काका, काकू, त्यांची मुलं, सगळी ओळीने झोपायची. सकाळी तू माझ्या अंथरुणावर कळशी लवंडायचीस आणि हेच म्हणायचीस. तू ते मुद्दाम करायचीस हे मला पुढे आपसूक कळलं. पण त्यानंतर बाबा तुझ्यावर जे ओरडायचे, ते मी विसरले नव्हते. "हाताक भोकां पडली काय गो तुझ्या?" एवढ्या मोठ्याने की शेजारची खोली जागी व्हायची. सांडलेल्या पाण्यावरून बायकोला चारचौघांत बोलणारा माणूस, अशी एक गाठ मी मनात त्यांच्याविषयी धरून होते. तुझ्या माघारी त्यांची सेवा केली, पण ती गाठ तशीच ठेवून केली.

त्या दुपारी ते ओरडले नाहीत. नुसतं माझ्याकडे बघत राहिले. मी मशीन फिरवलं, आणि संध्याकाळी त्यांनी चहा पूर्ण प्यायला. मग हे आमचं चालूच राहिलं. खुर्चीखाली ओलं झालं की माझ्या हातून काहीतरी सांडायचं. यांनी एकदा विचारलं, "तुझे हात थरथरतात का गं? डॉक्टरांना दाखवूया?" मी म्हटलं, वय झालं.

गेल्या रविवारी नणंद आणि तिची माणसं जेवायला आली होती. हॉल भरलेला, आणि बाबांच्या पायाशी गालिचा गडद होत गेलेला मला दिसला. नणंदेलाही दिसला असावा. ती बोलता बोलता थांबली. मी सरबताचा ट्रे घेऊन गेले आणि त्यातला पाण्याचा जग त्यांच्या पायावरच ओतला. सगळ्यांच्या नजरा खुर्चीखाली. तेवढ्यात बाबा कडाडले. "हाताक भोकां पडली काय गो तुझ्या? धोतार भिजवलंस माझा! एक काम धड येत नाय!" मुलं दचकली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. हे लाजून म्हणाले, "बाबा, हळू, पाहुणे आहेत." नणंद उठून माझी समजूत घालायला आली. बाबा पुटपुटत, चिडत, सरळ चालत बाथरूममध्ये गेले आणि धोतर बदलून आले. त्यांच्या ओल्या धोतराकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मी मशीन फिरवत होते. त्यांनी हाताने खूण करून ते बंद करायला लावलं. म्हणाले, "तुझ्या आवशीन सांगलेला, मी पाणी सांडतंय, तुम्ही आरडा. मी बोंबाललंय की सगळे माझ्याकडे बघीत. मगे तुझ्याकडे कोण बघतला?" एवढं बोलून त्यांनी पेपर उचलला. मी गालिच्यावर बसले ती बसलेच. दोघांनी मिळून केलेलं होतं ते, आणि माझ्या वाट्याला त्यातली तुझीच बाजू आली. तू मला कधीच का सांगितलं नाहीस? सांगायच्या आधीच गेलीस, हे कळतं मला. तरी राग येतो. इतकी वर्षं मी त्या माणसाशी जपून बोलले, आणि त्याने एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही.

आता ते पाणी पितात. डॉक्टर खूश आहेत. हे लिहिलेलं त्यांना वाचून दाखवावं असं वाटलं होतं, पण ते पेपर खाली ठेवून आत निघून जातील, म्हणून नाही दाखवणार. तुझ्याकडे पोचवायची तर सोयच नाही. तेव्हा तुलाच सांगते, दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. काल दुपारी खुर्चीखालचा गालिचा कोरडा ठणठणीत होता. मी हात लावून बघितलं होतं. तरी मी पाणी सांडलं, आणि ते ओरडेपर्यंत तिथेच उभी राहिले.