ब्लॉकचेन, वरच्या खोलीत

५ जानेवारी
मराठी मंडळाच्या सेक्रेटरी हेमलताबाईंचा फोन. अठरा तारखेला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझं ब्लॉकचेनवर भाषण. हे गेल्यापासून मंडळातून कुणाचा फोन नव्हता. उगाच मनाला लावून घेत होते. भाषण म्हणजे हॉल, माइक, सगळ्या बायका समोर. हळदीकुंकवाचं मला काही नाही. मोरपिशी साडी इस्त्रीला दिली.

७ जानेवारी
यांच्या टेबलावरच्या मासिकांतून या विषयाचा नाद लागला. रिटायर झाल्यावर हे वाचायचे, मी चहा ठेवायचे. आता मी वाचते.
आज शेजारच्या धनलक्ष्मीवर प्रयोग. म्हटलं, समज तुला एक बातमी सांगितली, ती प्रत्येक मजल्यावर गेली. उद्या मी म्हटलं, असं बोललेच नाही, तर कोण ऐकेल? प्रत्येकीकडे तीच नोंद. मालक कुणीच नाही. ती कानडीत म्हणाली, "स्वल्प निधान, अक्का," म्हणजे जरा हळू. मग विचारलं, "कोणती बातमी?"
पटकन समजलं तिला.

९ जानेवारी
बेळ्ळंदूरहून सून आली, शमिका. आयटीतली. म्हणाली, "आई, गॉसिप ठीक आहे, पण यात चेन कुठंय?" खोचकच बोलते.
ती गेल्यावर यांचा अर्धा राहिलेला स्वेटर काढला आणि चेन सापडली. प्रत्येक ओळ खालच्या ओळीच्या टाक्यांत अडकलेली. खाली रंग बदलायचा तर वरचं सगळं उसवावं लागणार. आणि हुबेहूब असाच स्वेटर प्रत्येकीकडे. एकीनं गुपचूप उसवला तर बाकीच्या लगेच पकडणार. इतकं सोपं कुणी सांगितलं नसेल.

१३ जानेवारी
हेमलताबाई म्हणाल्या, तुमचं वरच्या खोलीत ठेवलंय. खाली वाण, अत्तर, गडबड. तुम्हाला त्रास नको.
किती विचार करतात! अशा विषयाला शांतता लागतेच.
शमिकाला सांगितलं तर म्हणाली, "नका जाऊ, आई." का, ते सांगेना. तिला कुणी भाषणाला बोलावत नाही, दुसरं काय.

१८ जानेवारी
भाषण झालं. बायका मोजक्या, पण मन लावून ऐकणाऱ्या. स्वेटर हातोहात फिरला. खालून उखाण्यांचा हशा येत होता, म्हणून दार लावलं.
संध्याबाईंनी विचारलं, "एखादी ओळ नकोच होती, पण विणली गेली. मग?"
म्हटलं, काढता येत नाही. तिच्यावरच पुढची विणायची.
त्यांनी स्वेटरची खालची ओळ बोटानं चाचपली. विषय पोचला, असं वाटलं.
तिळगुळाचं ताट वरच आलं. तेव्हा संध्याबाईंना म्हटलं, खालचा कार्यक्रम सोडून तुम्ही सगळ्या माझ्यासाठी वर आलात, बरं वाटलं.
त्या हसल्या. "अहो, तुम्ही नवीन. नवरा गेला की आपल्याला वरच बसवतात. गेल्या वर्षी प्राणायाम होता. त्यापेक्षा तुमचं बरं."