पागेखालच्या हरभऱ्याची व्यवस्था

मी, सुमन लक्ष्मीकांत दफ्तरदार, वय वर्षे सत्तेचाळीस, शिक्षिका, राहणार इंदूर, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं आहे. डॉक्टर "फिकर मत करो" म्हणाले, तेव्हाच कागद काढला. डोकं ठिकाणावर आहे. हेवाही जागच्या जागी आहे. कलम तीन वाचून खात्री पटेल.

१. राहती खोली भाड्याची, ती मालकाला. भांडी आणि शिलाईचं मशीन शेजारच्या आनंदीबाईंना. मशीन आजही माझ्यापेक्षा त्याच जास्त चालवतात.

२. पोस्टातलं काही उरलंच तर शाळेतल्या मुलींच्या पुस्तकांना. तेराव्याला पोहे-जिलेबी ठेवू नये. पोहे-जिलेबी पुढे आली की इंदुरी माणूस कोण गेलं ते विसरतो.

३. आता सांवेरचं शेत. वाटणीत थोरले दीर नाना यांना पागेची जमीन मिळाली, म्हणजे जिथे संस्थानची घोडी बांधत असत ती. माझ्या कैलासवासी यजमानांच्या वाट्याला त्याखालचा मुरमाड उतार आला. घोड्यांनी पिढ्यानपिढ्या लीद टाकली ती नानांसाठी. त्यांची ज्वारी पुरुषभर उंच, माझी कोपराएवढी. थोरल्या जाऊबाई भानुमती बांधावरून विचारायच्या, "सुमन, तुझी ज्वारी बसली आहे का ग? उठव तिला." त्या ज्वारीकडे बघून मी वर्षानुवर्षं जळले.

ज्वारी-गहू ही गवताची जात. लीद मिळाली की उधळतात. हरभऱ्याचं तसं नाही. मुळांवर गाठी धरून तो आपलं खत आपणच करतो, वरून फक्त फॉस्फेट मागतो. म्हणून मी हाडांचा चुरा टाकून हरभरा पेरला. जाऊबाई म्हणाल्या, "शिव शिव, ब्राह्मणाच्या शेतात हाडं? तो दाणा आमच्या देवापुढे नाही यायचा." देवापुढे नाही आला. शेतातच भाजून हुळा म्हणून नानांच्या पोटात गेला.

माझं झाड घाट्यांनी वाकलेलं बघून पुढच्या साली जाऊबाईंनीही पागेत हरभरा पेरला. कमरेएवढा वाढला, हिरवागार, आणि घाटे मोजून चार. आयतं मिळालं की हरभरा नुसती पानं मिरवतो. संस्थानी पेन्शनीवर वाढलेल्या आमच्या घराला हे नवीन नाही. मी सांगायला गेले, "जाऊबाई, लीद पुरे. ती जमीन आधीच माजली आहे. तिथे गहूच ठेवा."

"जळतेस तू," त्या म्हणाल्या. "तू नको म्हणतेस, मतलब घालायलाच हवं." आणि आणखी दोन गाड्या टाकल्या.

मी जळत होते हे खरं. सांगत होते तेही खरं. त्यांना त्यातलं एकच ऐकू आलं.

तेव्हापासून त्या माझा उतार मागतात. "तुझ्या मागे कोण आहे ग? देऊन टाक ना." एक वीटभट्टीवालाही मागतो. तो म्हणाला, "बाईजी, आखिर मिट्टी ही तो है." म्हणून त्याला नाही.

मागच्या महिन्यात शेतावर गेले तर जाऊबाई माझ्या हरभऱ्यात वाकलेल्या. एक झाड उपटून मुळावरच्या गाठी नखाने फोडून आतला लालसर रंग, म्हणजे गाठ खत करते आहे याची खूण, बघत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "कीड लागली वाटतं तुझ्या मुळांना." चेहरा मात्र मी ओळखला. त्यांच्या ज्वारीपुढे माझा तोच होत असे.

सबब, सदरहू शेत मी भानुमती यांनाच देते. या जमिनीचा इतका हेवा करणारं दुसरं माणूस मला मिळणार नाही, आणि ज्याचा हेवा केला ते कोणी विटांना विकत नाही. अट एकच: तिथे पागेची लीद नेऊ नये. हाडांचा चुरा टाकावा, हरभरा घ्यावा, मधून एखाद्या साली ज्वारी, म्हणजे हरभऱ्याने मागे ठेवलेलं तिला मिळेल. हे वाचलं जाईल तोवर मी एकदाची जळून झालेली असेन, तेव्हा आता तरी विश्वास ठेवावा.

४. हे सर्व अमलात आणण्याचं काम यजमानांचे स्नेही पांडुरंग तांबे यांनी करावं. जाऊबाईंचा हरभरा माझ्यापेक्षा चांगला आला तर त्यांनी तो खुशाल खावा. माझ्या फोटोपुढे मात्र ठेवू नये.

लिहून देणार: सुमन लक्ष्मीकांत दफ्तरदार

आमच्या समोर सही केली. हसत होत्या, पण शुद्धीत होत्या.
साक्षीदार: १. कमल विनायक सरवटे, शिक्षिका
२. मालोजी आनंदराव जगदाळे, शेजारी

इंदूर, ता. २२ डिसेंबर १९६३