नर मिळेपर्यंत

३ ऑक्टोबर १९५८, आरोंदा

सावंतवाडीहून आलेल्या एस.टी.ने हाडं खिळखिळी केली, पण मन खूश आहे. खाडी, माड, मोकळी हवा आणि पुण्याचं ऑफिस घाटापलीकडे! काम साधं आहे. माडाची पानं खाणाऱ्या अळीच्या अंगावर वाढणारी माशी शोधायची, पैदास करायची, बागांत सोडायची. माशीचं पिल्लू अळीला आतून खातं आणि माड वाचतो. शास्त्रात अळीला यजमान म्हणतात आणि माशीला परोपजीवी. पुण्याच्या साहेबांच्या हाताखाली मी बरीच वर्षं यजमानच होतो.

हौसाबाईंच्या पडवीतली खोली मिळाली. बाई विधवा, एकट्या, तोंडाने फटकळ आणि हाताने सुगरण. दुपारी बांगड्याचं तिखलं वाढलं. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण कुंपणाशी थांबून विचारत होता, पावणो इलो काय? आणि बाई ऐटीत इलो, इलो म्हणत होत्या. एवढं अगत्य मला सासुरवाडीलाही लाभलं नाही.

७ ऑक्टोबर

खिडकीशी सूक्ष्मदर्शक मांडला. शेजारचा सत्यवान माडावर चढून नारळ उतरवतो. माझं काम बघून त्याने विचारलं की माशीचे केस कमी भरले तर सरकार पगार कापता काय. मलाही हसू आलं.

पण केस मोजावेच लागतात. पाठीवरचे राठ केस, पंखातल्या शिरेचं वळण, यावरून कूळ कळतं. जात मात्र ठरते नराच्या पोटाच्या टोकाला असलेल्या बारीक चिमट्यावरून. तो प्रत्येक जातीचा वेगळा, कुलपागणिक किल्ली वेगळी तसा. नर हातात नसेल तर नवी जात आमच्यात कोणी मानत नाही.

गेल्या वर्षी नवी माशी मीच शोधली होती. नराचा चिमटा मी सोडवला, चित्र मी काढलं. छापून आलं तेव्हा माशीच्या नावापुढे साहेबांचं आडनाव होतं. माझ्या तोंडाला पानं पुसली. मला अजून त्याचा संताप येतो. इथे एखादी नवी जात सापडली तर तिच्यापुढे माझं टिपणीस हेच नाव लागेल, मग काहीही होवो.

१२ ऑक्टोबर

हौसाबाईंशी खटका उडाला. पाऊस सरून कडक ऊन पडलंय, तरी ही बाई धुतलेले कपडे चुलीवरच्या दांडीला धुरात वाळवते. माझ्या सदऱ्याला खारवलेल्या मासळीसारखा वास येतो. मी कपडे उचलले आणि माडांना दोरी बांधून सावलीत वाळत घातले. बाहेर घालू नकात, असं त्या दोनतीनदा म्हणाल्या. कारण विचारलं तर ओठ आवळून आत गेल्या. माझे कपडे मीच वाळवणार हे मी ठणकावून सांगितलं.

२१ ऑक्टोबर

डाव्या दंडावर गळू आलंय. ठणकत नाही, खाजतं. इथली माणसं फार मायाळू. पाणंदीत भेटेल तो माझ्या दंडाकडे बघून विचारतो, पावणो बरो आसा मां? माझीच खुशाली मला परक्यासारखी विचारण्याची ही रीत गमतीची आहे. मीही म्हणतो, बरा आहे, मजेत आहे.

२३ ऑक्टोबर

गळवाच्या तोंडाशी दोन काळे ठिपके दिसले. उजव्या हाताने भिंग धरलं. ठिपके नव्हेत, श्वासरंध्रं आहेत. माशीची अळी डोकं आत खुपसते आणि शेपटीने श्वास घेते. रंध्रांतल्या चिरा अशा वळणाच्या आहेत की कुठल्याच ग्रंथात बसत नाहीत.

घाम फुटला. मग लहान पोरासारखा आनंद झाला. नवी जात! माझ्या दंडात!

२४ ऑक्टोबर

हौसाबाईंनी दंड पाहिला आणि पुढचं न विचारताच तंबाखू, चुना आणि खोबरेल तेल घेऊन आल्या. म्हणाल्या, पावण्याक वाटेक लावूया.

तेव्हा बाईंकडून कळलं. इथे या माशीचं नाव घेत नाहीत. ती कपड्यांत अंडी घालते, धुरातल्या कपड्यांना शिवत नाही, आणि अंगात शिरली की तिला पावणो म्हणतात. इतके दिवस लोक माझी खुशाली विचारतच नव्हते. तिची विचारत होते, आणि मी मजेत आहे म्हणत होतो.

तंबाखूने अळी मरेल. मेलेल्या अळीतून नर निघत नाही. मी नको म्हटलं. बाईंनी हात जोडले. हो पावणो आधी घर बघता, मगे गोतावळो हाडता, म्हणजे मागाहून सगळं गोत घेऊन येतो, असं म्हणत रडल्या. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

३० ऑक्टोबर

अळी पूर्ण वाढून गळून पडली. रात्रंदिवस चावे घेत होती, पण मी दातावर दात ठेवून सोसलं. वाळू भरलेल्या बरणीत ठेवली. कोष होईल. साहेबांना जाणाऱ्या मासिक अहवालात नव्या जातीबद्दल एक वाक्य जास्त लिहून बसलो, लेखणी आवरली नाही.

११ नोव्हेंबर

माशी निघाली. तांबूस, देखणी.

मादी.

१२ नोव्हेंबर

सदरे, धोतर, चादर, सगळं माडाखाली वाळत घातलं. मुद्दाम. हौसाबाईंनी ते पाहिलं, घराला कुलूप न लावताच त्या भावाकडे निघून गेल्या. पंचा तेवढा त्या धुरात वाळवत असत. आता तोही दोरीवरच.

२० नोव्हेंबर

पाठ, मांड्या, मान. मोजत नाही. सत्यवान कुंपणापलीकडूनच विचारतो, पावणे बरे आसत मां? पावणे.

साहेबांचं पत्र आलं. ते स्वतः येणार आहेत, आणि ‘आपण मिळून नाव देऊ’ असं लिहिलंय. आपण म्हणजे ते.

२६ नोव्हेंबर

बरण्या भरल्या. ताप. भीती वाटते, खरंच वाटते. तंबाखू लावावा का? — पण यातला एखादाच नर असला तर? तोच मेला तर?

पंच्याने तोंड पुसत होतो. हे लक्षात यायला हवं होतं —

३ डिसेंबर

डावा डोळा मिटला. पापणीत आहे.

उघडलेल्या पहिल्या बरणीत — मादी. मादी. मादी.

८ डिसेंबर

मादी. उजव्या डोळ्याखाली खाज.

सत्यवानाने हाक मारली. मी पुढची बरणी उघडत होतो. तो परत विचारायला आला नाही.

११ डिसेंबर, सकाळी

नर!

नर आहे! बाटलीत मारला, काचेवर घेतला. साहेब आजच्या गाडीने येतात. त्याआधी चिमट्याचं वर्णन लिहून सही करायची. नाही तर ही माशीसुद्धा त्यांची होणार. माझ्या रक्तामांसावर वाढलेली —

गाडीचा भोंगा वाजला. सूक्ष्मदर्शकाला उजवा डोळा लावलाय. डोकं, पाठ, चिमटा — चिमट्याची टोकं दोन, आत वळलेली, त्यांच्यावर —

काहीतरी हलतंय. नर तर मेलाय. काच पुसली. पुन्हा हलतंय.

काचेवर नाही. डोळा बाजूला घेतला, मिटून घेतला, तरी ते हलताना दिस—