वायर कुठे पडली आहे

८ जून १९९७, रविवार

पोचलो एकदाचे. टेम्पोतून सामान उतरवायला गल्लीतल्या बायका न बोलावता आल्या. भुसावळ सोडताना वाटलं होतं, उधन्यात मराठी ऐकायला मिळेल की नाही. इथे तर कानावर अहिराणीच पडते. घरमालकीण मंगलाबाई समोरच राहतात. त्यांच्या मागच्या खोलीत सहा यंत्रमाग दिवसभर खडखडतात. त्या म्हणाल्या, आवाजाचं एक बरं असतं मास्तरीणबाई, नवराबायकोचं भांडण शेजारी ऐकू जात नाही. संध्याकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा आला.

दोन खोल्या, पत्र्याचं दार, पुढे तीन शहाबादी फरश्यांचा ओटा. एकेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा फक्त आपलं म्हणता येईल असं घर. यांची नोकरी हजिऱ्याला, मुक्कामही तिथेच, रविवारचे येतील. बाकीचे दिवस मी आणि आई.

आईंना, म्हणजे सासूबाई अंजनाबाईंना, दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. पण दुपारपर्यंत त्यांनी घर हातांनी वाचून काढलं. खाटेपासून मोरी अकरा पावलं, दार सात. डोळ्यांपेक्षा मला त्यांच्या विसरण्याची काळजी वाटते. सांगितलेली गोष्ट अर्धा तास राहते, मग पुसली जाते.

१० जून, मंगळवार

शाळा सुरू झाली. सकाळची पाळी, बाराला सुटते. पोरं मराठीत वाचतात आणि गुजरातीत भांडतात. मी नसताना मंगलाबाई आईंना ओट्यावर चहा आणून देतात. मला म्हणाल्या, ‘तू निवांत जाय शाळाले. अंजनामाय आम्हनीबी माय शे.’ रस्त्याने जाताना डोळे भरून आले. परक्या गावात इतकं कोण करतं?

१२ जून, गुरुवार

दुपारी वादळ. पाऊस थोडाच, वाराच फार. कोपऱ्यावरच्या कडुलिंबाची फांदी आमच्या वायरीवर पडली. खांबावरून आमच्या भिंतीवरच्या लोखंडी पाइपापर्यंत येणारी ती वायर पाइपापासून तुटली. आता तिचं एक टोक खांबावर आहे, दुसरं रस्त्यात चिखलात. खांबही कलला. वीज कचेरीचे मगनभाई आले आणि गल्लीचा फ्यूज काढून, पेटीला कुलूप लावून गेले. माग थांबले. त्या शांततेत आई दचकून उठल्या. विचारत होत्या, कोण गेलं?

१३ जून, शुक्रवार

मगनभाईंनी मंगलाबाईंच्या ओट्यावर चहा पीत नियम सांगितला. सगळी गल्ली ऐकत होती. वायर रस्त्यावर पडली असेल तर काम कचेरीचं. पण कललेल्या खांबावर चढायला मनाई, दुरुस्तीची टोळी तिच्या पाळीने येणार, आठदहा दिवस लागतील. आणि रस्त्यावर वायर असेपर्यंत गल्लीचा फ्यूज लागणार नाही, कुणी मेलं तर नोकरी जाते. तीच वायर घराच्या आत असती तर काम घरवाल्याचं, त्याने खासगी वायरमन आणावा. ‘पछी मारे शुं?’ म्हणाले, मग माझं काय जातं; ‘घरात’ एवढं लिहून घेऊन त्यांनी गल्ली लगेच चालू केली असती.

मी म्हटलं, रस्त्यावर पडली हे बरंच झालं, कचेरी करेल. मंगलाबाईंनी फक्त बजावलं की वायरीला शिवायचं नाही. इथला रिवाजच तसा: ‘जो हात लाई, वायर त्यानी.’

१४ जून, शनिवार

शाळेतून आले तर वायरीचं टोक आमच्या ओट्याच्या पायरीशी. काल ते रस्त्याच्या मध्यावर होतं, मी नक्की पाहिलं होतं. मंगलाबाई म्हणाल्या, ‘वारानी सरकनी व्हई.’

आज वारा नव्हता.

१५ जून, रविवार

हे आले. मी सांगितल्यावर हसले. म्हणाले, वर्गात पोरांना गोष्टी सांगून सांगून तुला वायरीलाही पाय फुटलेले दिसतात. बांबूने टोक परत रस्त्यात ढकललं. समोरून मंगलाबाई गमतीने ओरडल्या, भगवंतभाऊ, हात नका लावू, नाहीतर वायर हजिऱ्याला न्यावी लागेल! सगळे हसले. मीही हसले.

संध्याकाळी हे गेले. बांबू मी घरात आणून कोपऱ्यात ठेवला.

१६ जून, सोमवार

वायर ओट्यावर. पहिली फरशी.

बांबूने मागे ढकलली. आई विचारत होत्या, दारात काय सरपटतंय?

१७ जून, मंगळवार

दुसरी फरशी. वायरीवर चिखल वाळला होता, आणि त्या चिखलात गोल टोकाच्या काठीचे ठसे. जागोजागी.

गल्लीतून चालत गेले. प्रत्येक दाराशी एक बांबू टेकवलेला. आठवडाभरापूर्वी एवढे बांबू नव्हते. बायका बोलता बोलता थांबल्या. एकीने विचारलं, शाळा कशी चाललीय? वांग्याची भाजी दिली. गरम होती.

उद्यापासून बाहेरून कडी लावून जाणार. आई ओट्यावर यायलाच नकोत.

१८ जून, बुधवार

स्पष्ट विचारलं. मंगलाबाईंनी नाकारलं नाही. रडल्या. म्हणाल्या, सहा दिवस माग बंद, कारागीर दुसऱ्या गल्लीत चालले. वायर मेलेली आहे, नुसती दोरी. एकदा मगनभाईंनी ‘घरात’ असं लिहिलं की झालं, मग तू सावकाश वायरमन आण. ‘तुन्हं काय जास त्यामा?’

मी म्हटलं, ठीक. लिहा. पण वायरमन येईपर्यंत आई सकाळच्या तुमच्या घरात बसतील.

त्यांनी पदराने डोळे पुसले. मग हळूच म्हणाल्या, घरात देव आहेत ना, बाई.

दहा दिवस त्यांच्या हातचं खातो आहोत. सगळं ओट्यावर. आज लक्षात आलं की आम्ही कधी त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेलोच नाही.

ठरवलं, दोनच दिवस. शनिवारी सुट्टी काढून आईंना भुसावळला नणंदेकडे पोचवायचं. दोनच दिवस.

१९ जून, गुरुवार. वीज कचेरी. दुपारचा एक

कारकून म्हणतो, ‘बेन, लखी आपो.’ लिहून द्या. अर्जाशिवाय फ्यूज काढायला माणूस पाठवता येत नाही. कागद नाही. पिशवीत ही वहीच होती. पण त्याचे प्रश्न संपेपर्यंत क्रमाने लिहिते, नाहीतर मला बोलता येणार नाही.

शाळा सुटून आले. कोपऱ्यावरूनच मागांचा खडखडाट ऐकू आला. क्षणभर बरं वाटलं. मला बरं वाटलं.

वायर रस्त्यावर नव्हती. ओट्यावर नव्हती. दाराखालच्या फटीतून आत गेलेली होती. ओट्यावर बांबूचे ठसे. कडी तशीच, मी लावलेली.

कडीकडे हात नेला तर कुणीतरी मागे ओढलं. त्यानेच दारावर टेस्टर धरला. पेटला. पत्र्यात वीज उतरली आहे.

खिडकीच्या गजांतून पाहिलं. आई खाटेवर. माठ कलंडलेला, सगळ्या जमिनीवर पाणी. ओरडले, पाय खाली टाकू नका. मागांमुळे ऐकू जाईना. पुन्हा ओरडले. तेव्हा पाय वर घेतले. विचारलं, साप आहे का ग? मी हो म्हटलं. म्हणाल्या, मग बसते.

बांबू मागितला. माझा आत. गल्लीत एकही नाही. परवा प्रत्येक दाराशी होता. आज एकही नाही.

मंगलाबाईंना म्हटलं, खिडकीशी उभं राहून आईंना सांगत राहा. दर पाच मिनिटांनी सांगा. माग बंद ठेवा, म्हणजे ऐकू जाईल. त्या हो म्हणाल्या. मी रिक्षाकडे धावले. कोपऱ्यापर्यंत खडखडाट ऐकू येत होता. अजून – आत्ता – अर्धा तास होऊन गेला.

मगनभाई दुसऱ्या भागात गेलेत. फ्यूजच्या पेटीची किल्ली त्यांच्याकडे. कारकून दुसरी शोधतोय. आधी अर्ज म्हणतो.

प्रति, मुख्य अधिकारी. विषय: फ्यूज ताबडतोब काढणे.

विचारतो, वायर कुठे पडली आहे? त्याच्या वहीत मगनभाईंनी सकाळीच लिहिलंय – घरात, फ्यूज लावला. घरात असेल तर काम घरवाल्याचं. रस्त्यावर असेल तर पाळीने. मी काय लिहू? तो म्हणतो, जे खरं ते लिहा.

वायर घरात आहे. मी आत ठेवलेली नाही. घरात माझी सासू, वय एकोणसत्तर, दिसत नाही, विसरतात, त्यांना सांगणारं कोणी

मंगलाबाई आल्या आहेत. कचेरीच्या दारात. पायात चप्पल नाही. आत येत नाहीत. मी विचारतेय, आईंजवळ कोण आहे, तिथे आता कोण – त्या नुसत्या माझ्या हातातल्या पेनाकडे